फूजी नदीचे दोन काठ

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला पारपत्राची, पैशांची आणि लोणच्याच्या बरणीची काळजी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. हल्ली त्यात आणखी एका काळजीची भर पडली आहे: तिकडच्या भिंतींतल्या भोकांची! आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. गंमत अशी, की 1947 साली ते येथून गेले आणि त्याच साली त्यांनी चपट्या पिनांच्या नव्या प्लगाचे मानक ठरवून स्वतःच्या घरातून जुन्याची हळूहळू गच्छंती केली. आपण मात्र तो अजून जपून ठेवला आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन जपानला जायचे ठरले. माझा भाचा तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. तेथे भारतीय बिऱ्हाडे पुष्कळ. आई 78 वर्षांची, दम्याची जुनी दुखणाईत. रात्री-अपरात्री धाप लागली, की औषधाचे तुषार देणारे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, उशाशी हवाच.

विजेच्या सामानाच्या दुकानदाराने एक अ‍ॅडॉप्टर पुढे केला. "सर, साऱ्या जगात चालतो. काय वाटेल ते लावा."

आता अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. आपल्या घरात 230 व्होल्ट, जपानात अवघे 100. मी घरी येऊन साऱ्या उपकरणांच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंग लावून वाचली. फोन आणि लॅपटॉप यांच्या चार्जरवर '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे होते. त्यांची चिंता मिटली. आमच्या सौभाग्यवतींनी चहासाठी बांधून दिलेली पाणी तापवायची कांडी 230 व्होल्टची, 1000 वॅटची. दाब घटला की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे तिकडे ती जेमतेम 190 वॅटची. चहाला दुपार झाली असती! उलट, जपानातून हौसेने आणलेला भाताचा कुकर इथे तसाच लावला, तर तो पाचपटीहून अधिक शक्ती ओढू पाहतो आणि भाताआधी स्वतःच शिजतो.

आईच्या यंत्रावर लिहिले होते: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. त्यातला पंप 100 व्होल्टवर धड फिरायचा नाही, आणि मग तुषार कुठले उडणार? हे दुकानदाराला सांगितले, तर तो म्हणाला, "पण पिन बसते ना?"

दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण त्याचे ओझे वाहायचे कोणी? शेवटी आमच्या डॉक्टरांना विचारले. आईचे औषध चालेल याची खात्री करून त्यांनी दोन पेन्सिल सेलांवर चालणारे, मुठीत मावणारे यंत्र सुचवले.

पुढे क्योतोला जाताना आगगाडीने फूजी नदी ओलांडली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, इथे वीज बदलली." तोक्योकडे 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योच्या कंपनीने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाच्या कंपनीने अमेरिकन. ती फाळणी आजतागायत आहे. 1964 साली सुरू झालेली तोक्यो-ओसाका शिंकान्सेन मात्र सारा मार्ग 60 वरच धावते. तोक्योच्या बाजूला रेल्वे आपली वीज बदलून घेते. या फाळणीचे दुःख 2011 च्या मार्चमध्ये कळले. भूकंप आणि त्सुनामीने पूर्वेकडची वीजकेंद्रे बंद पडली. पश्चिमेकडून वीज आणावी, तर ती बदलून देणाऱ्या केंद्रांची ताकद सुमारे 10 लाख किलोवॅट एवढीच. तोक्योभोवतीच्या वस्त्यांत पाळीपाळीने अंधार करावा लागला. एके काळच्या दोन खरेद्यांची ही किंमत!

क्योतोला दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आईला धाप लागली. बोलणेही सुधरेना. मी यंत्रात औषध घालून मुखवटा तिच्या तोंडावर धरला, भाचा पाठीवरून हात फिरवत बसला. पहिली पाच मिनिटे फार लांब गेली. मग हळूहळू खांदे खाली आले, छातीतली शिटी मंदावली.

"अरे, याला इथली वीज चालते का?" तिने मुखवटा बाजूला करून विचारले.

"याला भिंतीतली वीज लागतच नाही, आई. तू बोलू नकोस."

सकाळी देवळे पाहायला निघायच्या आधी ती नातवाला म्हणाली, "सेल इथे मिळतात ना रे? चार जास्तीचे घेऊन ठेव." तो कोपऱ्यावरच्या दुकानातून चार 'तान-सान' घेऊन आला, तिकडे पेन्सिल सेलला असे म्हणतात. आकार आपल्यासारखाच.