बोरीला पाणी आहे का?

१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. पश्चिम खानदेशातील दोंडाईचा आणि सिंधमधील मीरपूरखास या गावांवर तोवर एकाच सरकारचा अंमल होता. पुढे अकरा वर्षांत त्यांच्यामध्ये सरहद्द आली. फाळणीनंतर खानदेशात स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांपैकी एक दोंडाईच्यास आमच्या शेजारी राहत असे.

त्या घरातील काका १९४७ साली नऊ वर्षांचे होते. घरात सिंधी, शाळेत मराठी आणि मिरचीच्या बाजारात अस्सल अहिराणी, असा त्यांचा भाषाव्यवहार. १९६५ च्या युद्धापासून बंद असलेला मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग १८ फेब्रुवारी २००६ रोजी पुन्हा खुला झाला आणि आठवड्यातून एकदा जोधपूर-कराची थार एक्सप्रेस धावू लागली. पुढल्याच वर्षी काका कराचीच्या नातलगांकडे निघाले.

सरहद्दीवर गाडी बदलावी लागे. काकांच्या हातातील कापडी पिशवीवर दुकानाचे नाव मराठीत छापलेले होते. रांगेतील एका वृद्ध मुसलमान बाईंनी ती अक्षरे सावकाश जुळवली आणि विचारले, ''भाऊ, दोंडाईचाना का?''

बाईंचा जन्म अमळनेरचा. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब कराचीला गेले. आता त्या जोधपूरला बहिणीकडे येऊन परतत होत्या. व्हिसा त्या शहरापुरताच असल्याने अमळनेर राहून गेले होते. काकांचा व्हिसाही केवळ कराचीचा. पुढल्या गाडीत दोघे समोरासमोर बसले. काका मीरपूरखासच्या आंबराया विचारीत, बाई कळण्याच्या भाकरीविषयी विचारीत. मध्येच त्या म्हणाल्या, ''बोरीले पानी शे का?'' काकांना उत्तर देता आले नाही. अमळनेरवरून ते असंख्य वेळा गेले होते; नदीकडे कधी लक्षपूर्वक पाहिले नव्हते. मीरपूरखास मात्र त्यांनी त्या दिवशी डोळे भरून पाहिले, खिडकीतून दिसले तेवढे.

परतल्यावर हे सारे त्यांनी मला सांगितले. एकाच्या जन्मगावाची खबर दुसऱ्याजवळ असावी आणि ती देण्यासाठी दोघांनी वाळवंटात भेटावे, याचे मला नवल वाटले. दोन्ही देशांत अशी माणसे आता थोडी उरली आहेत. ऑगस्ट २०१९ पासून ती गाडी बंद आहे. काकाही राहिले नाहीत. त्यांच्या नातवंडांना मीरपूरखास हे केवळ जुन्या कागदावरील नाव वाटते.

अमळनेरला जाणे झाले की मी पुलावर थोडा थांबतो. पावसाळा सरला की बोरीचे पात्र लवकरच उघडे पडते. हे त्या बाईंना कोणाकरवी कळवावे?