पाथरीची वाट आणि चिनी मुळी

जालन्याहून निघालेली गाडी परतूर, सेलू मागे टाकून मानवत रोडकडे येऊ लागली की जानेवारीच्या शेवटी खिडकीतून दोनच पिके नजरेत भरतात. एक ज्वारी, दाण्याने वाकलेली. दुसरी करडई, कंबरेएवढी आणि अंगभर काटे. तिची फुले आधी पिवळी असतात, सुकत आली की केशरी-तांबडी होतात. काळ्या रानात हा रंग लांबूनही दिसतो.

परभणीच्या माणसाला करडईचे कौतुक नाही. कोवळ्या पानांची भाजी, ज्वारीची भाकरी आणि घाण्याचे करडईचे तेल, एवढ्यावर त्याचे बालपण गेलेले असते. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करडईवर संशोधन चालते आणि 'परभणी कुसुम' हा वाण तिथलाच. पण पेरा कमी होत चालला आहे. काढणीला मजूर मिळत नाही, काट्यांमुळे हात फाटतात. भाव मिळतो तो दाण्याला. पाकळ्या वाऱ्यावर जातात.

याच पाकळ्या चीनमध्ये औषधाच्या दुकानात तोलून विकल्या जातात. तिकडे त्यांना 'होंगहुआ' म्हणतात, म्हणजे लाल फूल. मार लागून साकळलेले रक्त, बायकांच्या पाळीतले दुखणे, जुना सांधेदुखीचा त्रास, अशा वेळी चिनी वैद्य इतर मुळ्यांबरोबर ही फुले उकळून देतात. करडई मूळची तिथली नव्हे, पश्चिमेकडून मध्य आशियाच्या वाटेने ती चीनमध्ये पोहोचली. आपले हकीमही तिला ओळखतात, त्यांच्या कागदावर तिच्या बीचे नाव 'कुर्तुम' असे असते. घरातल्या बायांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. गरोदरपणात या पाकळ्यांचा काढा घ्यायचा नाही, आणि हृदयाच्या दुखण्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. फूल आहे, चहासारखे उकळायचे आहे, त्याने काय होणार, असे समजू नये.

मी परभणीला गेले होते खालाकडे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे इथली माणसे छाती फुगवून सांगतात आणि लगेच स्वतःच हसतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू होतो. सगळ्या धर्मांची माणसे येतात, खेड्यापाड्यांतून टेम्पो भरून येतात. पाळणे, बांगड्या, मिठाई, भांडी आणि त्यांच्या मधोमध जडीबुटीवाल्यांची पाले. जमिनीवर पसरलेल्या मुळ्या, साली, तेलाच्या बाटल्या, आणि भोंग्यावर एकच घोषणा: गुडघे, कंबर, मान, तीन दिवसांत फरक.

त्या भोंग्यासमोर उभे राहणाऱ्यांत बायका जास्त होत्या. का नसतील? कापूस वेचून, पाणी वाहून, जमिनीवर बसून स्वयंपाक करून चाळिशीतच गुडघे बोलायला लागतात. मशिदीत आणि घरात नमाजसाठी ठेवलेल्या खुर्च्या दरवर्षी वाढताना आपण बघतोच.

खालाने मला तिथून हाताला धरून बाहेर काढले आणि शहरातल्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात नेले. दुकान तिच्या सासऱ्यांच्या वेळचे. मालक चाचांनी एकामागून एक बरण्या खाली उतरवल्या. चोबचिनी, रेवंदचिनी, कबाबचिनी, दालचिनी. या सगळ्या 'चिनी' कशा, असे मी विचारले तेव्हा ते हसले. "चीनहून आल्या म्हणून, किंवा चिनी व्यापाऱ्यांनी आणल्या म्हणून. दालचिनी म्हणजे फारसीतले दारचिनी, चिनी लाकूड. चोबचिनीचा अर्थही तोच, चिनी लाकूड." म्हणजे आपण बिर्याणीत रोज ज्या देशाचे नाव टाकतो, त्याचे औषध आपल्याला परके वाटते! आपल्या घरांत चिनी औषध म्हटले की आठवते ती सौदीहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेतली टायगर बामची षटकोनी बाटली. तो बामही रंगूनमधल्या एका चिनी वैद्याच्या घराण्यातला. कापूर, मेंथॉल आणि लवंगेचे तेल यांच्या जोरावर तो जगभर गेला.

चाचांनी चोबचिनीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. लालसर, जड, वासाला काहीच नाही. "वजनदार पाहिजे, आतून गुलाबी पाहिजे, किडा लागलेला नको. हलकी असेल तर भुसा समजा." सांध्यांच्या दुखण्याला, ज्याला हकीम वजउल-मफासिल म्हणतात, ही मुळी माजूनमध्ये आणि अर्कामध्ये जाते. दुसरी बरणी सुरंजानची होती. तिला हात लावायच्या आधीच चाचा म्हणाले, "ही चिठ्ठीशिवाय देत नाही."

त्यांचे बरोबर होते. सुरंजानच्या कुळातल्या कंदात कोल्चिसिन असते. 1820 मध्ये फ्रान्समध्ये ते वेगळे काढले गेले आणि आजही निकरस, म्हणजे गाऊट, उसळला की डॉक्टर त्याचीच गोळी लिहून देतात. अर्धा मिलिग्रॅम, मोजून. त्याच्या काही पट जास्त पोटात गेले तर उलट्या-जुलाबांपासून सुरू होऊन जिवावर बेतते. हकिमांना ही मुळी हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती, तिच्या विषाचा धाकही ठाऊक होता. भोंगेवाल्याला तेवढा धाक नसतो.

आता खालाचे. तिला रुमॅटॉइड संधिवात आहे, अकरा वर्षे झाली. सकाळी बोटे उघडत नाहीत, वजूचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागतो. आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी मेथोट्रेक्झेटची गोळी, इतर दिवशी फॉलिक अॅसिड, आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, असा तिचा इलाज. मध्ये चार वर्षांपूर्वी मोहल्ल्यात एक माणूस आला. 'चिनी जडीबुटी' म्हणून बिनानावाच्या कागदी पुड्या द्यायचा. तिसऱ्या दिवशी खाला जिना चढली. घरात आनंदीआनंद! तिने गोळी बंद केली, दोन शेजारणींनाही पुड्या आणून दिल्या. तीन महिन्यांत तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, रक्तदाब वाढला. मग तो माणूस यायचा थांबला, पुड्या संपल्या, आणि चार दिवसांत खालाला चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघूनच विचारले, "पुडी कुठली खाता?" ही सगळी लक्षणे स्टिरॉइडची होती.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. डॉक्टर देतात तेव्हा मात्रा मोजून देतात आणि बंद करताना हळूहळू उतरवतात. ते बराच काळ बाहेरून मिळत राहिले की शरीर आपले स्वतःचे बनवणे कमी करते, आणि मग एकाएकी बंद केले की माणूस कोसळतो. मुळी म्हणून विकलेल्या पुडीत ते मिसळले, तर खाणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. कुठलीही मुळी जुना संधिवात तीन दिवसांत उठवत नाही. जी उठवते तिच्यात मुळीखेरीज काहीतरी आहे, असे मानावे. शंका आली तर पुडी फेकून मोकळे होऊ नये, ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आणि मुळी खरी असली तरी ती कोणती, हा प्रश्न उरतोच. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी काही बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात फांग-जी नावाची मुळी हवी होती. नावात साम्य असलेली दुसरीच, अॅरिस्टोलोकिया जातीची मुळी त्यात पडली. शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे चिनी वैद्यकाचेच दुखणे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. युनानीतले जरावंद याच कुळातले, आणि आपल्या रानातली ईश्वरी नावाची वेलही. माजूनच्या कागदावर जरावंद दिसले तर हकिमांना सरळ विचारावे, याच्याऐवजी दुसरे काही देता येईल का म्हणून.

चीनमधल्या संशोधकांनी आपल्या जुन्या मुळ्या प्रयोगशाळेत नेल्या हे मात्र मानले पाहिजे. तू योयो या बाईंनी हिवतापावरच्या एका जुन्या वनस्पतीतून 1972 मध्ये आर्टेमिसिनिन काढले आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रुमॅटॉइड संधिवातावरच्या त्यांच्या एका वेलीच्याही चाचण्या झाल्या. सूज उतरते असे दिसले, आणि पुरुष व स्त्रिया दोघांच्या मूल होण्याच्या क्षमतेवर तिचा वाईट परिणाम होतो हेही दिसले. दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या. औषधाचा अभ्यास असाच व्हायला हवा.

दुसऱ्या दिवशी खालाबरोबर एस.टी.ने पाथरीला गेले. तिचे सध्याचे हकीम तिथे बसतात. परभणी, मानवत, पाथरी आणि पुढे माजलगावमार्गे थेट नगर, अशी ही सडक. या रस्त्याला जुना इतिहास आहे, आणि चोबचिनीचाही त्यात वाटा आहे.

नगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीत. घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वंशातला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. पुढे पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचे गाव म्हणून बुऱ्हाण निजामशाहाने ते मागितले, मिळाले नाही, म्हणून 1518 मध्ये लढून घेतले. त्या गावासाठी पुन्हा पुन्हा लढाया झाल्या. याच बुऱ्हाण निजामशाहाने गोव्याच्या पोर्तुगीज वैद्याला आपल्या इलाजासाठी बोलावले होते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. तो 1534 मध्ये गोव्यात आला आणि 1563 मध्ये त्याने तिथेच हिंदुस्तानच्या औषधींवर संवादांच्या रूपात एक मोठे पुस्तक छापले. निजामशाहाच्या दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा व्हायच्या, आणि त्यांच्याकडून आपण शिकलो हे तो लपवत नाही. त्या पुस्तकात चिनी मुळीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ही मुळी त्या काळात नुकतीच गलबतांतून येऊ लागली होती. तिकडे युरोपात बादशहा पाचवा चार्ल्स गाऊटने हैराण होता, त्यानेही ती घेतली, आणि त्याचा वैद्य वेसालियस याने 1546 मध्ये तिच्यावर एक लांबलचक पत्रच छापले. मुळीची जेवढी ख्याती आहे तेवढा तिचा गुण नाही, असा त्याचा सूर. इराणमध्ये इमादुद्दीन महमूद शिराझी या हकिमांनी तिच्यावर वेगळा रिसाला लिहिला.

त्या काळच्या इलाजात घाई नव्हती. मुळीचे काप करायचे, मंद आचेवर पाणी आटवायचे, आठवड्यामागून आठवडे प्यायचे, आणि तोवर मीठ नाही, आंबट नाही, थंड वारा नाही. पथ्य पाळणाऱ्या रोग्याची किती फसवणूक होत असे कोण जाणे, पण आपण काय पितो आहोत हे त्याला दिसत तरी असे. मुळी त्याच्या डोळ्यांसमोर चिरली जाई.

पाथरीच्या दवाखान्यात गर्दी होती. हकीमसाहेब बीयूएमएस झालेले, नोंदणीचा कागद भिंतीवर काचेत. इल्म नसताना इलाज करील तो नुकसानीचा जबाबदार, या अर्थाची हदीस त्याच्या शेजारी उर्दूत आणि मराठीत लिहिलेली. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. नवा पेशंट आला की आधी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगतात. खालाच्या आधी एक आजीबाई होत्या, सोनपेठकडच्या, नऊवारीतल्या. नातवाने पिशवी टेबलावर रिकामी केली. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, दुखण्याच्या गोळ्यांची दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटे (आत औषध एकच), उरुसातली तेलाची बाटली आणि तीन कागदी पुड्या. हकीमसाहेबांनी साखरेची आणि रक्तदाबाची एका बाजूला सरकवली. "या चालूच राहतील, मी काही दिले तरी." दुखण्याच्या पाकिटांपैकी एक बाहेर ठेवले. तेलाचा वास घेतला आणि परत दिले. पुड्यांवर बोट ठेवून विचारले, "किती दिवस झाले?"

"दीड महिना," आजी म्हणाल्या. "लई गुण आला बघा."

"एकदम सोडू नका. आज इथूनच सरकारी दवाखान्यात जा, ही पुडी दाखवा. साखर तपासून घ्या. नंतर माझ्याकडे या."

मग खालाचा नंबर. तिच्या माजूनचे घटक त्यांनी गेल्या वर्षी एका कागदावर लिहून दिले होते. नावे देवनागरीत, मात्रेसकट, परभणीच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी. डॉक्टरांनी त्यातल्या एका नावावर काट मारली होती, कारण मेथोट्रेक्झेटचा भार लिव्हरवर आधीच असतो. हकीमसाहेबांनी ती काट मान्य केली होती आणि तो घटक काढून टाकला होता. दुखणे गेले का? नाही. खाला म्हणते, बोटे पूर्वी नऊपर्यंत उघडत नसत, आता साडेसातला उघडतात. यात गोळीचा वाटा किती, माजूनचा किती, रोजच्या कोमट पाण्यातल्या व्यायामाचा किती, हे ती मोजत बसत नाही. हकीमसाहेबही मोठे दावे करत नाहीत.

त्यांनी नाडी पाहिली, बोटांचे सांधे एकेक करून दाबले, आणि कागदाच्या खाली तारीख घातली. "लिव्हरचा आणि किडनीचा रिपोर्ट या महिन्याचा आहे का?"

खालाने पर्स उघडली. रिपोर्ट डिसेंबरचा होता.

"मग आज माजून देत नाही. रिपोर्ट काढा, दाखवा, मग घेऊन जा."

खाला बाहेर येऊन बराच वेळ कुरकुरत राहिली. एस.टी.चे भाडे, दिवस वाया गेला, वगैरे. स्टँडवर मानवतची गाडी लागली होती. आम्ही धावतच ती धरली, म्हणजे मी धावले आणि कंडक्टरला थांबवून ठेवले, खाला मागून आपल्या चालीने आली.