सवतीची ओवी

आमच्या घरी थोरली आणि धाकटी अशा दोन आज्या आहेत. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी असे असते. थोरलीला मूल झाले नाही, म्हणून 1972 च्या दुष्काळानंतर आजोबांनी धाकटीला पाट लावून आणले. कोवळ्या वयात विधवा झालेली ती. तिला कोण विचारणार? पहिली बायको असताना दुसरे लग्न करायला 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी होती. पण तो कायदा आमच्या गावाला कोणत्या एस.टी.ने येणार! माझे वडील धाकटीचे. म्हणजे मी सवतीची नात.

गावात गिरणी येऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी तूर भरडायला आमच्याकडे जातेच लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे सरांनी लोकगीतांच्या तासाला सांगितले होते. आम्हाला प्रत्येकी दहाच आणायच्या होत्या. गंगापूरहून घरी आले, मोबाईल सुरू केला आणि ओसरीवर बसले.

थोरलीने आधी रामाचे गायले, मग भावाचे, मग पंढरीचे. राधेवरून रुसलेली रुक्मिणी दिंडीरवनात जाऊन बसली. पंढरपुरात तिचे देऊळ अजून वेगळेच आहे. तेथून ओवी सवतीवर कधी आली ते कळलेच नाही. एकामागून एक तीन ओव्या, नुसत्या निखाऱ्यासारख्या. आणि समोर तोच खुंटा धरून कोण बसले होते? धाकटी! मुठीमुठीने तूर घालीत होती आणि ओवीच्या शेवटी सूरही धरीत होती.

मला बसवेना. "आजी, कुणावर गं हे?"

"गाणं हाय ते. माझी माय म्हणायची."

धाकटी हसली. "माझ्यावरच हाय. पन्नास वर्सं झाली ऐकते."

रात्री मोबाईलवर पुन्हा ऐकले. सवतीला इतके बोल, पण आजोबांना एकही नाही. ते दोघींच्या मधून सहीसलामत निघून गेलेले. अमेरिकेतल्या 'कंट्री' गाण्यांतही असे पुरुष भेटतात. खाणमजुराची मुलगी लोरेटा लिन हिने 1966 साली 'यू एन्ट वुमन इनफ' हे गाणे गायले. त्यातही दम आहे तो दुसऱ्या बाईला. माणूस बदलला तो, आणि भांडायचे बायांनी! मला हे पटत नाही. पण थोरलीला तोंडावर सांगायची छाती झाली नाही. तिनेच मला शाळेत घातले.

आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर थोरलीचे आणि वडिलांचे नाव लागले. धाकटीचे लागले नाही. ते लागणारही नव्हते. कायद्याने ती बायकोच नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटीला एकटीला गाठून विचारले, "तुझी एखादी ओवी सांग ना."

ती सुपातले खडे वेचीत होती. म्हणाली, "मी गं कुणावर गाऊ?"

वहीत सात ओव्या उतरवून झाल्या आहेत. सवतीच्या तीन अजून मोबाईलमध्येच आहेत.