तुकडेबंदीबद्दल माझं मत का बदललं

तुकडेबंदी शिथिल करू नये, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. माझी वकिली मुख्यतः जमिनीच्या दस्तांची आणि सर्च रिपोर्टांची, त्यामुळे हे मत ऐकीव नव्हतं. वाटण्यांमुळे शेत इतकं लहान होऊ नये की ते कसणंच परवडणार नाही, यासाठी 1947 चा कायदा आला. तो हेतू मला आजही पटतो. पुण्याभोवती गुंठेवारी पसरताना बघून वाटायचं, बंधन सैल केलं की उरलीसुरली बागायतही प्लॉटिंगवाल्यांच्या घशात जाईल. जुलै 2021 मध्ये मंजूर ले-आउटशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका, असं परिपत्रक निघालं. मी त्याचं मनापासून स्वागत केलं.

पुढे घडलं ते वेगळंच. दस्त थांबले, पण विक्री थांबली नाही. दुय्यम निबंधकाकडचा व्यवहार नोटरीच्या टेबलावर गेला. विसार पावती, ताबा पावती, कुलमुखत्यारपत्र आणि पैसे रोख. नाहीतर दहा-अकरा जण मिळून सामाईक खरेदीखत करायचे. सातबारावर सगळ्यांची नावं एकत्र, जागेवर मात्र प्रत्येकाची भिंत वेगळी.

असाच एक सातबारा घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, तो वारला. एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट जागा. त्यावर दोन खोल्या, वर पत्रा. घरपट्टीच्या पावत्या आणि लाइट बिलं प्लास्टिकच्या पिशवीत वर्षावार लावलेली. मुलाला वर मजला चढवायचा होता. बँकेने मंजूर नकाशा मागितला. नकाशा मिळेना, कारण हिस्सा वेगळा नाही. हिस्सा वेगळा करायचा तर सहहिस्सेदारांची संमती हवी, त्यातले काही मयत आणि वारसनोंदी झालेल्या नाहीत. एवढं करून हिस्सा वेगळा केलाच, तर तो कायद्याने ठरवलेल्या किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी म्हणून तुकडा ठरणार! माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. चारही बाजूंनी दाट वस्ती होती. तिथे वाचवायला कोणती शेती उरली होती?

बंदीने अशा कुटुंबाला घर बांधण्यापासून अडवलंच नाही. अडवलं ते गृहकर्जापासून, बांधकाम परवानगीपासून आणि निर्वेध मालकीपासून. ज्याच्याकडे एकरभर घ्यायला पैसा होता, त्याला ले-आउट मंजूर करून घेता येत होता. ज्याची ऐपत एका गुंठ्याची, त्याचं घर मात्र बेकायदा ठरत होतं.

म्हणून जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी शहरी भागासाठी तुकडेबंदी उठवण्याची घोषणा केली, तेव्हा मी तिच्या बाजूने उभा राहिलो. नियमित करण्याचं शुल्क आधी बाजारमूल्याच्या 25 टक्के होतं, मग 5 टक्के झालं. नोव्हेंबरच्या अध्यादेशाने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातल्या व्यवहारांसाठी तेही माफ केलं. हे योग्यच झालं. गावाकडच्या कसत्या शेतीला बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठ्यांची किमान मर्यादा राहावी, असं मात्र मला अजूनही वाटतं.

माझी खरी काळजी पुढची आहे. झालेले तुकडे नियमित केल्याने अरुंद बोळ रुंद होत नाहीत, तिथे अग्निशमनाची गाडी वळत नाही. नवी घरं हवी असतील तर एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा ले-आउट आधीच, कमी खर्चात आणि ठरल्या मुदतीत मंजूर व्हायला हवा. रस्ते आणि सांडपाण्याच्या वाटा विक्रीपूर्वी नकाशावर आखल्या पाहिजेत. हे काम महापालिका, नगरपालिका आणि प्राधिकरणांचं आहे. ते होत नाही तोवर गुंठा घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : कायदा शिथिल झाला म्हणून घाईने इसार देऊ नका. मंजूर ले-आउटची प्रत मागा आणि रस्त्याखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, ते सातबारावर स्वतः बघा.