आधी हवा, मग ज्योत : चिखल्यातील एक पहाट

नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग कन्हान नदी ओलांडून, भंडारा रोड मागे टाकून तुमसर रोडला पोहोचतो. तेथून एक शाखा उत्तरेकडे वळते आणि तुमसर, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशी स्थानके घेत मध्य प्रदेशातील तिरोडीस जाते. चिखला हे गोबरवाहीजवळचे गाव. नाव चिखलाचे असले तरी येथे डोळ्यांत भरतो तो काळा, जड, हाताला काळिमा लावणारा मॅंगनीजचा दगड. या पट्ट्यातील मॅंगनीजयुक्त खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याच परंपरेतून १९६२ मध्ये आजची मॉइल कंपनी आकारास आली. चिखल्याची खाण भूमिगत आहे, तर शेजारच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे.

पौष महिन्यात मी तेथे गेलो तो खाण पाहण्यासाठी नव्हे. आमच्या आत्याबाईंचे वय आता अठ्ठ्याहत्तर. दिवाळीत आतेभावाने त्यांच्या स्नानासाठी गॅसचा गीझर घेतला होता. दूरध्वनीवर त्याने तो जोडल्याचे सांगताच मी म्हणालो, “मी येईपर्यंत तो पेटवू नका.”

माझ्या आग्रहामागे गेल्या हिवाळ्यातील एक प्रसंग होता. इतवारीतील आमच्या घरी धाकटी पुतणी स्नानास गेली. थंडीमुळे न्हाणीघराची खिडकी घट्ट लावलेली, दार बंद आणि आत गीझर चालू. पंधरा मिनिटांनी तिच्या आईने हाक मारली, उत्तर आले नाही. दाराची कडी सैल होती म्हणून ते एका धक्क्याने उघडले. मुलगी जमिनीवर पडलेली होती. तिला मोकळ्या हवेत आणले, रुग्णालयात प्राणवायू दिला, ती वाचली. घरातील आम्ही सारेजण आधी ‘चक्कर आली’, ‘फेफरे आले’ असेच म्हणत होतो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गीझर गॅसचा आहे का?” डॉक्टरांच्या बोलीत या अवस्थेला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच आहे, हे मला त्या दिवशी कळले.

चिखल्यास पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते. गीझर मी भ्यालो होतो तसाच बसवलेला होता : न्हाणीघराच्या भिंतीवर, एका लहानशा बंद तावदानाखाली. शेजारचे मेटकाका चहाला आले होते. खाणीत मजुरांच्या तुकडीवर देखरेख करणाऱ्यास ‘मेट’ म्हणतात. काकांनी तीस वर्षे ते काम केले. त्यांनी न्हाणीघरात एक नजर टाकली आणि म्हणाले, “शेठजी, भुयारात माणूस उतरण्याआधी आम्ही हवा उतरवतो. इथे हवा येणार कुठून?”

त्यांच्या बोलण्यामागे खाणीची शिस्त होती. भूमिगत खाणीत मोठा पंखा एका वाटेने शुद्ध हवा आत ढकलतो आणि दुसऱ्या वाटेने वापरलेली हवा बाहेर काढतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. धातुखाणींच्या १९६१ च्या नियमावलीनुसार तो कामाच्या जागी १९ टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे केवळ दोन टक्क्यांची घटही तेथे दोष मानली जाते. आपल्या न्हाणीघरांना असा कोणताच नियम लागू नाही.

मी व्यापारी माणूस; कागद घेऊन हवेचा हिशेब मांडला. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर कढत पाणी देणारा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते सव्वापाच-साडेपाच घनमीटर. म्हणजे खोली बंद असेल तर दहाच मिनिटांच्या ज्योतीला त्यातील सुमारे एक तृतीयांश हवा लागते. ज्वलन पूर्ण झाले नाही की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखते, मळमळते, पाय गळतात आणि माणसाला दाराच्या कडीपर्यंतही जाता येत नाही. ही नावेची बाजू पाहिल्यावर आतेभाऊ गप्प झाला.

दुपारी जोडणीवाल्यास पुन्हा बोलावले. गीझर न्हाणीघरातून काढून मागच्या पडवीत, तीन बाजूंनी मोकळ्या जागी बसवला आणि केवळ गरम पाण्याची नळी भिंतीतून आत नेली. खर्च थोडा वाढला, परंतु ज्योत आणि माणूस एका बंद खोलीत राहिले नाहीत. जेथे अशी पडवी वा सज्जा नाही तेथे खिडकीचे तावदान काढून कायमची जाळी बसवावी आणि धूर बाहेर नेणारी नळी जोडून घ्यावी. तेही जमत नसेल तर गॅसचा गीझर घेऊच नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेटवण्याची वेळ आली. मेटकाकांनी प्रथम नळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वास आल्यास दिव्याचे बटण लावू वा बंद करू नये. सिलिंडर बंद करून दारे उघडावीत, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

इतक्यात आत्याबाई हातात मऊ कुंचली घेऊन आल्या. “अरे, चूल पुंजल्याशिवाय आम्ही कधी काडी लावली का? आधी आत पाहा.”

दोन महिने गीझर खोक्याबाहेर पडवीत पडून होता. जोडणीवाल्याने पुढचे झाकण उतरवले, तर बर्नरच्या हवेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणलेले! आत्याबाईंनी कोळ्याला अलगद कागदावर घेऊन कुंपणाशी सोडले. मेटकाका म्हणाले, “बाई, तुम्ही दोघांचा जीव वाचवला. या जाळ्याने हवा अडली असती, ज्योत पिवळी झाली असती आणि विषारी वायू झाला असता.”

आपल्या आगमांनी अग्नीलाही जीव मानले आहे. तेजस्काय हा पाच स्थावरांपैकी एक. म्हणून विनाकारण अग्नी पेटवू नये, पेटवलाच तर गरजेपुरता आणि पाहून-पुंजून पेटवावा, अशी शिकवण आपल्या घरांतून चालत आली. वस्तू उचलताना व ठेवताना जपण्याच्या आदान-निक्षेपण समितीचाच हा घरगुती विस्तार. त्या पहाटे मला उमगले की जयणा पाळणारा हात जीव वाचवतो, तेव्हा पेटवणाऱ्याचाही वाचवतो.

मग ज्योत पेटवली. गॅसची चकती अगदी मंद, पाण्याची पुरती मोकळी. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतील झडप सरकते, गॅस येतो आणि सेलची ठिणगी पडते. पहिल्या खेपेस टकटक ऐकू आली, ज्योत मात्र आली नाही. नव्या नळीत हवा भरलेली होती. आतेभाऊ पुन्हा नळ फिरवू लागला तसा काकांनी त्याचा हात धरला. न जळलेला गॅस आत साचलेला असताना वारंवार ठिणगी पाडली तर भडका उडतो. नळ बंद करून पाच मिनिटे थांबलो. दुसऱ्या खेपेस निळी, स्थिर ज्योत उभी राहिली. निळी ज्योत म्हणजे हवा पुरेशी. पिवळी, फडफडणारी, काजळी धरणारी ज्योत दिसताच बंद करून कारागिरास बोलवावे. त्यानंतर गॅस थोडा थोडा वाढवत, बादलीत हात घालून पाण्याची ऊब जमवली. बादली भरली, नळ बंद केला, ज्योत विझली आणि मगच आत्याबाई स्नानास गेल्या. भरलेल्या बादलीने, ज्योत विझवूनच स्नान, हा त्या घराचा नियम ठरला.

त्या ठिणगीचीही एक गंमत आहे. गीझरमधील दोन मोठे सेल आतेभावाच्याच किराणा दुकानातले. साध्या सेलमध्ये जस्ताच्या डबीत, कार्बनच्या कांडीभोवती मॅंगनीज डायऑक्साइड भरलेला असतो आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मॅंगनीज डायऑक्साइडचे खनिज सेल बनवणाऱ्या उद्योगास जाते. हाताला काळिमा लावणारा तो दगड असा घराघरात ठिणगी होऊन येतो.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलांच्या घरांतही हाच अग्नी तळघरातील फर्नेसमध्ये जळत असतो. तेथेही धुराची नळी बाहेर मोकळी हवी, हवेची जाळी झाकलेली नको, आणि थंडी सुरू होण्यापूर्वी तपासणी हवी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र तर भारतातही मिळते. एकेकाळी जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या सूचनेवरून कोळशाच्या खाणींत या वायूची चाहूल घेण्यासाठी पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ मध्ये थांबवण्यात आली. त्या मुक्या पक्ष्याचे काम आता एक यंत्र करते, मग ते घरी लावण्यात आपण कंजुषी का करावी? मात्र यंत्र लावले म्हणून खिडकी बंद करू नये.

तिसऱ्या दिवशी निघालो. निरोप देताना आत्याबाईंनी विचारले, “तुझ्या घरचा गीझर?”

“उद्याच बाहेर काढतो,” मी म्हणालो. गेल्या हिवाळ्यापासून तो बंदच होता, परंतु भिंतीवर तसाच होता. नागपूरला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी मी तो सज्जात हलवून घेतला. झाकण उतरवले तेव्हा आत जाळे होते. पुतणीने कुंचली आणली.