हत्तीच्या नकळत

हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा गाठा, त्याच्या कडेकडेनं सुतळी फिरवा आणि ती सुतळी दुप्पट करा. झाली त्या हत्तीची खांद्यापर्यंतची उंची, जवळजवळ बिनचूक! हत्ती समोर नाही, तो पहाटेच नदी ओलांडून पलीकडे गेलाय, आणि तरी तो केवढा आहे हे मला कळलंय. दक्षिण आफ्रिकेत, क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी उत्तर टोकाला, लुवुवू नदीच्या वाळूत गुडघे टेकून मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मोठ्यानं ओरडावंसं वाटलं होतं. पण पायी चालताना आवाज करायचा नाही, हा इथला पहिला नियम. म्हणून सगळा आनंद गिळला आणि डायरीत पानभर लिहून काढला.

मी नागपूरची. ताडोबा, पेंच, उमरेड ही माझी लहानपणापासूनची रानं. चितळाचा कॉल, वानरांची खकर, सांबराचं ‘ढॉंक’ यांवरून वाघ कुठे असेल याचे अंदाज बांधत मी मोठी झाले. तेव्हा इथे सफारी गाइडच्या प्रशिक्षणाला येताना मनात एक खात्री होती, की नवे प्राणी शिकू, नवी झाडं शिकू, बाकी जंगल आपल्याला माहीतच आहे. पण जंगल मी आजवर जिप्सीतून, जमिनीपासून चार फूट वरून पाहिलं होतं. आणि तिथून दिसतं त्याच्या कितीतरी पट अधिक खाली, मातीत आहे!

इथला अभ्यासक्रम ‘फील्ड गाइड्स असोसिएशन ऑफ सदर्न आफ्रिका’ या १९९०पासून काम करणाऱ्या संघटनेच्या चौकटीतला. खडक, हवामान, तारे, गवत, झाडं, कोळी, विंचू, साप, मासे, पक्षी, सस्तन प्राणी, त्यांचं वागणं, या भूमीवरच्या माणसांचा इतिहास, प्रथमोपचार, पाहुण्यांशी बोलणं, चिखलात रुतलेली लँडक्रूझर बाहेर काढणं, सगळं त्यात येतं. पहाटे रानात, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा रानात. तळाला कुंपण नाही. रात्री तंबूच्या शेजारून पाणघोडा चरत जातो आणि त्याचं गवत ओरबाडणं झोपेतही ऐकू येतं.

ही जागा म्हणजे माकुलेके लोकांची भूमी. उत्तरेला लिंपोपो, दक्षिणेला लुवुवू आणि दोन्ही नद्यांच्या संगमावर दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, मोझांबिक या तीन देशांच्या सीमा एकमेकींना भिडतात. या कोपऱ्याला ‘क्रुक्स कॉर्नर’ म्हणतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हस्तिदंताचे चोर एका देशाचे पोलीस आले की दुसऱ्या देशात पाऊल टाकायचे! पण गाइड व्हायचं असेल तर या रंजक गोष्टीआधी दुसरी गोष्ट सांगता आली पाहिजे, असं आमचे प्रशिक्षक बजावतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारनं माकुलेके लोकांना इथून हुसकावलं, त्यांना स्वतःच्या हातांनी स्वतःची घरं पेटवायला लावली आणि त्यांची जमीन उद्यानाला जोडली. १९९८मध्ये ही सुमारे चोवीस हजार हेक्टर जमीन त्यांना कायद्यानं परत मिळाली. त्यांनी काय करावं? पुन्हा शेती-वस्ती न करता ती रान म्हणूनच राखली आणि पर्यटनाचं उत्पन्न गावाकडे वळवलं. मी जिच्यावर चालते ती वाट त्यांच्या मोठेपणामुळे मोकळी आहे, ही जाणीव इथे सतत सोबत असते.

आणि झाडं! पिवळ्याहिरव्या सालीची फीव्हर ट्रीची अख्खी राई, जिच्यात सकाळचं ऊन शिरलं की सावलीसुद्धा पिवळी वाटते. साल हिरवी, कारण ती सालही पानांसारखी उन्हावर अन्न बनवते. टेकड्यांवर बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबईत, वसईत आणि मराठवाड्यात जुनाट गोरखचिंचा पाहिलेल्या मला तिला तिच्या माहेरी भेटताना भरून आलं. नदीकाठचं जॅकलबेरी नावाचं उंच झाड ओळखीचं का वाटतंय, असा विचार करत होते, तर ते निघालं आपल्या तेंदूच्याच कुळातलं! त्याच्याशेजारी ॲना ट्री, ज्याचा कारभारच उलटा. पावसाळ्यात पानं झाडून बसतं आणि सगळं रान करपलं की हिरवंगार होतं. ऐन कोरड्या दिवसांत त्याच्या वळलेल्या शेंगा खाली पडतात आणि त्या वेचायला हत्ती येतात.

मागावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण मला वेड लावलं ते मागानं. आम्हाला माग शिकवायला माकुलेके गावातले एक ज्येष्ठ गृहस्थ येतात. फार बोलत नाहीत. काठीच्या टोकानं ठशाभोवती गोल काढतात आणि गप्प उभे राहतात. आपण सांगायचं. मार्जारकुळातला असेल तर तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे, नखं उमटलेली नसतात. रानकुत्रा, कोल्हा असेल तर दोनच उंचवटे आणि नखांची टोकं दिसतात. हत्तीचा पुढचा पाय गोल, मागचा लांबट. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये ठसा घ्यायचा, म्हणजे तिरप्या उन्हात त्याच्या कडांची सावली उठते. म्हणून माग वाचायचा तो सकाळी नाहीतर संध्याकाळी. भर दुपारी तीच वाळू कोरी दिसते.

एकदा त्यांनी सिंहाच्या ठशाभोवती गोल काढला आणि विचारलं, कधीचा? आम्ही ‘आजचा’, ‘कालचा’ असे अंदाज ठोकायला लागलो. ते वाकले आणि काडीनं दाखवलं. ठशाच्या आत, तळव्याच्या खळग्यातून, एका बारीक जनेटची पावलं गेली होती. जनेट म्हणजे उदमांजराच्या कुळातला छोटा, ठिपक्यांचा, फक्त रात्री फिरणारा प्राणी. म्हणजे सिंह जनेटच्या आधी गेला. पुढे पाहिलं तर सिंहाचा दुसरा ठसा आमच्याच गाडीच्या टायरखुणेवर उमटलेला. ती गाडी संध्याकाळी उशिरा तळावर परतली होती. म्हणजे आम्ही जेवून झोपलो त्यानंतर आणि जनेट घरी परतायच्या आधी, रात्री कधीतरी! घड्याळ नाही, कॅमेरा नाही, दोन प्राण्यांची पावलं आणि एक टायर. मी त्या ठशापाशी इतका वेळ बसून राहिले, की बाकीचे पुढे निघून थांबले होते.

दक्षिण आफ्रिकेचे लुई लीबेनबर्ग यांनी १९९०मध्ये माग काढण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मांडलं आहे, की विज्ञानाची सुरुवात इथेच, मागात झाली असावी. खूण पाहायची, अंदाज बांधायचा, पुढच्या खुणेवर तो तपासायचा, चुकला तर सोडायचा. वर्गात हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती. वाळूत बसून ऐकलं तेव्हा काटा आला.

मागानंतर कान. आमची रांग, एकामागे एक, क्रोटनच्या दाट झुडपातून चालली होती. पुढे रायफल घेतलेले प्रशिक्षक. अचानक समोरून एक खरखरीत फुत्कार आला, दोन छोटे पक्षी झुडपातून उडाले आणि प्रशिक्षकांची मूठ वर झाली. थांबा. ते होते ऑक्सपेकर, मोठ्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या टिपणारे. ऑक्सपेकर रिकाम्या झुडपातून उडत नाहीत, ते कुणाच्या तरी पाठीवरून उडतात! आम्ही पावलं मोजत मागे आलो, वळसा घेऊन उंचवट्यावर चढलो आणि वरून पाहिलं, तर नेमक्या त्या झुडपात चिखलानं माखलेले तीन म्हातारे केप बफेलो बसलेले. कळपाबाहेर पडलेल्या अशा नरांना इथे ‘डगा बॉय’ म्हणतात आणि पायी चालणारा प्रत्येक गाइड त्यांना सर्वांत जास्त मानतो. एवढ्याशा पक्ष्यांनी आम्हाला वाचवलं होतं.

त्या पक्ष्यांची कहाणी तर आणखी भारी. पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर दक्षिण आफ्रिकेतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसाच झाला होता. १८९६मध्ये या भागात बुळकांडी पोहोचली. हो, तीच बुळकांडी, जिनं आपल्याकडचे गोठेच्या गोठे रिकामे केले होते. तिनं इथली गुरं आणि रानबफेलो प्रचंड संख्येनं मारले, त्यात गुरांना गोचिड्यांसाठी आर्सेनिकच्या पाण्यात बुडवायला लागले आणि ऑक्सपेकरचं अन्नच विषारी झालं. मग १९७९ साली तो क्रुगरमध्ये पुन्हा दिसला, आपला आपण परत आलेला. आता दुर्बिणीतून बफेलोच्या मानेवर पिवळी चोच दिसली की मी शेजारच्याचा दंड घट्ट धरते!

गाइडच्या खिशात राखेची पुरचुंडी असते. जुना मोजा, त्यात चाळलेली राख. हलकेच झटकली की राख ज्या दिशेला जाते तिकडे वारा. दर थोड्या वेळानं झटकायची. आम्ही ॲना ट्रीखाली शेंगा वेचणारे दोन नर हत्ती पाहिले, तेव्हा आमच्या तुकडीचं नेतृत्व पहिल्यांदाच माझ्याकडे होतं, मागे प्रशिक्षक. राख माझ्याकडे येत होती, म्हणजे वारा हत्तींकडून आमच्याकडे. वाळवीच्या एका जुन्या वारुळाआड सगळ्यांना बसवलं. मोठा नर सोंडेच्या टोकानं एकेक शेंग उचलत होता, तिची माती झटकत होता, तोंडात टाकत होता. दाढांखाली शेंग मोडल्याचा कडकड आवाज ऐकू येत होता. त्याच्या डोळ्याची पापणी, लांबलचक केस, कानाच्या मागच्या शिरा, सगळं दिसत होतं. मग मी हातानं खूण केली आणि आम्ही आलो तसे, आपला वास त्यांच्याकडे जाऊ न देता, निघून आलो. त्यानं एकदाही मान वळवली नाही.

परत आल्यावर प्रशिक्षक म्हणाले, “आज तू खरी गाइड झालीस. तो हत्ती अजून शेंगा खातोय.”

हेच, हेच मला सगळ्यांना सांगायचंय! प्राणी जवळून दाखवणं सोपं आहे, गाडी पुढे दामटली की झालं. पण त्याच्या दिवसाला धक्का न लावता त्याला पाहून येणं, आपण आलो होतो हे त्याला कळूही न देणं, यासाठी हे सगळं शिक्षण आहे. मागही त्यासाठी, वाराही त्यासाठी, पक्ष्यांचे आवाजही त्यासाठी. रायफल असते, ती चालवायची परीक्षाही पुढे असते, पण ती कधीच न वापरणारा गाइड इथे सर्वांत आदराचा. आपल्याकडे वाघाभोवती गाड्यांचा गराडा पडलेला पाहून पोटात कालवतं, तिथे मला हा हत्ती न्यावासा वाटतो.

रात्री तर शिकणं थांबतच नाही. नागपूरहून एप्रिल-मेमध्ये क्षितिजाला टेकलेला जेमतेम दिसणारा त्रिशंकू इथे चांगला वर असतो. त्याचा लांब दांडा साडेचार वेळा पुढे वाढवायचा, तिथून सरळ खाली क्षितिजावर उतरायचं, ती दक्षिण. डोक्यावर वृश्चिक, त्याच्या नांगीतून वाहणारी आकाशगंगा. त्याच आकाशगंगेवरून शेणकिडे दिशा धरतात, हे मी इथे ऐकलं! मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेणकिड्यांना पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या घातल्या. आकाश दिसेना तेव्हा ते शेणाचा गोळा घेऊन भरकटले. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात त्यांना नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तर ते पुन्हा सरळ चालायला लागले. २०१३ सालचं हे संशोधन. नखाएवढा जीव, मागच्या पायांनी शेण ढकलतो आणि आकाशगंगा वाचतो!

आणि हनीगाइड. मोझांबिकमधल्या निआसात याओ लोक मधाला निघताना विशिष्ट आवाज काढतात, तो ऐकून हा पक्षी येतो आणि झाडाझाडावरून त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. माणसं मध घेतात, पक्ष्याला मेण मिळतं. क्लेअर स्पॉटिसवूड यांच्या चमूनं २०१६मध्ये मोजून दाखवलं, की तो खास आवाज काढला तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जाते. पाळीव नाही, पकडलेला नाही, रानातला मोकळा पक्षी माणसाशी बोलतो. या सगळ्या भूखंडावरचा पहिला गाइड तोच, असं माझं पक्कं मत झालंय.

लेखी परीक्षा झाली, प्रत्यक्ष सफारीची परीक्षाही झाली. आता पुढचा टप्पा पायी सफारीच्या गाइडचा. त्यात चालण्याचा प्रत्येक तास आणि मोठ्या प्राण्यांशी झालेली प्रत्येक भेट नोंदवहीत लिहून वरिष्ठांची सही घ्यायची. नोव्हेंबरात पाऊस पडला की वुडलँड किंगफिशर येतील, शेणकिडे मातीतून वर येतील, इम्पालांना पाडसं होतील आणि आत्ता आरपार दिसणारी ही झुडपं हिरवी होऊन दहा पावलांपलीकडचं काही दिसू देणार नाहीत. तेव्हा कानांवरच भागवावं लागेल. पक्ष्यांचे आवाज मी आत्तापासूनच पाठ करायला घेतलेत.