अथेनराय : एका गावाचे आणि एका गाण्याचे

डब्लिनहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी अ‍ॅथलोन येथे शॅनन नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात गॉलवे परगण्याच्या सपाट मुलखात शिरते. येथून पुढे खिडकीबाहेरचे दृश्य फारसे बदलत नाही. हिरवी कुरणे, त्यांना विभागणारे चुनखडीच्या दगडांचे बिनचुन्याचे गडगे, चरणाऱ्या मेंढ्या, आणि समुद्राकडून येणाऱ्या पावसाने सदैव जड झालेले आभाळ. कोकणात हिंडलेल्या माणसाला त्या गडग्यांची ओळख पटावयास वेळ लागत नाही. गॉलवे शहर वीस-पंचवीस किलोमीटरवर उरले असता गाडी एका लहानशा स्थानकात थांबते. हे अथेनराय होय.

गावाची वस्ती चार-पाच हजारांची. आयरिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘राजाच्या उताराचे गाव’ असा आहे. उतार म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा. तेराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी या उताराशेजारी किल्ला बांधला, 1241 मध्ये डोमिनिकन साधूंचा मठ उभा राहिला आणि 1316 मध्ये येथेच झालेल्या घनघोर लढाईत कॉनॉटचा आयरिश राजा फेलिम ओ’कॉनर मारला गेला. गावाभोवतीचा तट हा त्या लढाईतील लुटीच्या पैशातून बांधला गेला असे परंपरा सांगते. पुढे 1597 मध्ये ह्यू ओ’डोनेल याच्या सैन्याने गाव लुटले आणि त्या तडाख्यातून ते पुरते सावरले असे दिसत नाही. इतिहासप्रेमी प्रवाशाच्या दृष्टीने मात्र हे दुर्दैव उपकारकच ठरले. भरभराटीस आलेली गावे आपले जुने तट पाडून रस्ते रुंद करतात. अथेनरायवर ती वेळच आली नाही. म्हणून तटाचा मोठा भाग, उत्तर वेस, किल्ल्याचा चौकोनी बुरूज आणि बाजाराच्या चौकातील पंधराव्या शतकातला कोरीव क्रूस आजही जागच्या जागी पाहावयास मिळतात.

परंतु जगाला अथेनराय ठाऊक झाले ते या अवशेषांमुळे नव्हे. ज्यांनी हे गाव कधी पाहिले नाही आणि नकाशावर ज्यांना ते सापडणार नाही, असे लक्षावधी लोक त्याचे नाव उंच स्वरात गातात. आणि गातात तेही चर्चमध्ये किंवा सभेत नव्हे, तर खेळाच्या मैदानावर. ‘द फील्ड्स ऑफ अथेनराय’, म्हणजे ‘अथेनरायची शेते’, हे ते गाणे.

गाण्याची कथा थोडक्यात अशी. दुष्काळाचे दिवस आहेत. एका तरुणाने उपाशी मुलासाठी सरकारी धान्य चोरले आणि तो पकडला गेला. तुरुंगाच्या भिंतीपलीकडून त्याची पत्नी त्याच्याशी बोलते आहे. त्याला दूर ऑस्ट्रेलियात नेणारे कैद्यांचे गलबत खाडीत उभे आहे. जी शेते मागे राहिली, तेथे दोघांनी एके काळी सुखाचे दिवस काढले होते. एवढेच. सूड नाही, घोषणा नाही, विजय तर नाहीच नाही. अशा विरहगीताला हजारो तरुणांनी आपल्या संघाचे रणगीत करावे, यात काही नवल असेल तर ते समजून घेण्यासारखे आहे.

गाणे ऐकणाऱ्यास ते शंभर-दीडशे वर्षांचे लोकगीत वाटते, आणि पुष्कळ आयरिश लोकांचीही तशीच समजूत आहे. वस्तुतः ते पीट सेंट जॉन या डब्लिनच्या गीतकाराने 1970 नंतरच्या दशकात रचले आणि 1979 मध्ये डॅनी डॉयल या गायकाने प्रथम ध्वनिमुद्रित केले. सेंट जॉन व्यवसायाने वीजतंत्री होते. तरुणपणी पोटासाठी कॅनडा आणि अन्य देशांत भटकून ते मायदेशी परतले होते. घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1983 मध्ये पॅडी रायली यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती आयर्लंडच्या खपाच्या यादीत 72 आठवडे टिकून राहिली. या गाण्याचे शब्द एका जुन्या छापील कवनावरून घेतले असल्याचा आरोपही मध्यंतरी झाला, तो सेंट जॉन यांनी साफ नाकारला. ते 2022 मध्ये वारले. आपली रचना आपल्या हयातीतच ‘पारंपरिक’ मानली जावी, हा मान किती गीतकारांच्या वाट्याला येतो?

गाण्यात ज्या धान्याची चोरी होते ते ‘ट्रेव्हेल्यनचे धान्य’ आहे. भारतीय वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण हा ट्रेव्हेल्यन आपल्याला परका नाही. चार्ल्स ट्रेव्हेल्यन 1826 मध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. दिल्लीत असताना आपल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याची लाचखोरी त्याने उघडकीस आणली. कलकत्त्यास मेकॉलेच्या बहिणीशी विवाह केला. आणि येथील शिक्षण इंग्रजीतून द्यावे या मताचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. पुढे 1859 मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला, परंतु कलकत्त्याच्या सरकारने लादलेल्या प्राप्तिकरास उघड विरोध केल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याला परत बोलावण्यात आले. 1862 मध्ये तो पुन्हा आला तो सरकारचा अर्थमंत्री म्हणून. परीक्षा घेऊन सनदी नोकर निवडण्याची जी पद्धत आपल्या घराघरांत आज परिचित आहे, तिच्या उगमाशी असलेल्या 1854 च्या अहवालावरही त्याचीच सही आहे.

या दोन हिंदुस्थानी कारकिर्दींच्या मधल्या काळात तो लंडनच्या कोषागाराचा प्रमुख कायम अधिकारी होता आणि आयर्लंडमधील दुष्काळनिवारणाची सूत्रे त्याच्या हाती होती. 1845 मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचा सारा आहार त्या एका पिकावर अवलंबून होता. पंतप्रधान पील यांनी गुपचूप अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका आणविला. त्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हणत. यातील ‘इंडियन’चा आपल्या देशाशी काही संबंध नाही. मक्याचा दाणा कठीण, दोनदा दळल्यावाचून पचत नसे आणि तो कसा शिजवावा हेही कोणास ठाऊक नव्हते. हे धान्य फुकट वाटले जात नव्हते, सरकारी कोठारांतून विकले जात होते. 1846 मध्ये पील यांचे सरकार गेले, पुन्हा बटाटा कुजला आणि नव्या सरकारने व्यापारात हात घालावयाचा नाही असे धोरण धरले. त्या धोरणाचा सर्वांत निष्ठावंत अंमलदार ट्रेव्हेल्यन होता. देशात माणसे मरत असताना देशातून धान्य बाहेर जात राहिले. फुकट अन्नाने लोक आळशी होतील, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती प्रामाणिक होती हेच अधिक भयंकर आहे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनच्या कामांवर ज्या हिशेबीपणाने मजुरी मोजली गेली, तो हिशेब याच शाळेतला.

सारा दोष एका अधिकाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही, असे अलीकडील इतिहासकारांपैकी अनेक जण म्हणतात आणि ते योग्य आहे. धोरण मंत्र्यांचे होते. पण गाण्याला मंत्रिमंडळ चालत नाही, एक नाव लागते. सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगांनी मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. 1841 मध्ये आयर्लंड बेटाची लोकसंख्या 81 लाखांवर होती. आजही ती त्या आकड्यास पोहोचलेली नाही.

याच काळात कलकत्त्यात आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारला गेला होता. कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई फार होते, त्यांनी आणि इतरांनी मिळून सुमारे 14 हजार पौंड पाठविले. ट्रेव्हेल्यनचे नाव गाण्यात राहिले. या निधीची आठवण मात्र थोड्यांनाच आहे.

आता मैदानाकडे वळू. 1990 मध्ये आयर्लंडचा फुटबॉल संघ प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. इटलीला लोटलेल्या त्याच्या पाठीराख्यांच्या तोंडी हे गाणे होते. मग ते ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने उचलले. त्याला कारण आहे: दुष्काळातून पळालेल्या आयरिश कुटुंबांची वस्ती ग्लासगोच्या पूर्व भागात झाली होती आणि त्यांच्या गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून पैसा उभा करण्यासाठीच, ब्रदर वॉल्फ्रिड या स्लायगो परगण्यातील धर्मबंधूंच्या पुढाकाराने, 1887 मध्ये हा क्लब स्थापन झाला. ज्यांचे पणजोबा त्या गलबतांतून आले, ते गाणे गातात. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी चाल तीच ठेवून शब्द आपल्या मैदानाचे घातले. दुष्काळात सर्वाधिक निर्वासित उतरले तेही लिव्हरपूलच्याच धक्क्यावर. मन्स्टर प्रांताच्या रग्बी सामन्यांना आणि राष्ट्रीय रग्बी संघाच्या सामन्यांनाही ते असतेच.

चालीचाही यात वाटा आहे. मोठ्या मैदानाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचावयास अर्धा सेकंद तरी लागतो, त्यामुळे द्रुत लयीचे गाणे पन्नास हजार कंठांत हमखास विसकटते. हे गाणे संथ आहे आणि ध्रुवपदात स्वर चढत जातो. ज्याला कडवी येत नाहीत तोही ध्रुवपदाला सामील होऊ शकतो. आपल्याकडे वारीतील अभंगाची लय अशीच प्रशस्त असते.

याचा कळस झाला तो 14 जून 2012 रोजी, पोलंडमधील ग्दान्स्क शहरात. युरोपीय स्पर्धेच्या त्या सामन्यात स्पेनने आयर्लंडचा चार गोलांनी धुव्वा उडविला होता आणि आयर्लंडला एकही गोल करता आला नव्हता. स्पर्धेतून बाहेर पडणे निश्चित झाले होते. अशा वेळी शेवटच्या काही मिनिटांत आयरिश प्रेक्षक गाऊ लागले, थांबेनात, आणि शिट्टी वाजल्यावरही गातच राहिले. जर्मन दूरचित्रवाणीच्या समालोचकाने बोलणे थांबविले आणि ते स्वर तसेच प्रेक्षकांपर्यंत जाऊ दिले.

जगाने या प्रेक्षकांची वाहवा केली. एका माणसाला मात्र ते रुचले नाही: आयर्लंडचा माजी कर्णधार रॉय कीन. नुसते गाणी म्हणावयास स्पर्धेला जायचे का, हरण्यात आनंद मानण्याची ही वृत्ती बदलली पाहिजे, अशा आशयाची तिखट टीका त्याने केली. मायदेशी त्याच्यावर पुष्कळ लोक रागावले. तरीही त्याचे म्हणणे सहज बाजूस सारता येत नाही. ज्या जातीने शतकानुशतके पराभवाची गाणी केली, ती पराभवातच रमू लागली तर? पण माझा कौल प्रेक्षकांकडे जातो. मैदानावर जिंकणे हे अकरा खेळाडूंचे काम होते. प्रेक्षकांच्या हाती होते ते इतकेच की, हरलेल्या आपल्या माणसांना एकटे टाकून निघून जायचे की नाही. दुष्काळात ज्यांना कोणी थांबून पाहिले नाही, त्यांच्या वंशजांनी थांबणे पत्करले.

गाण्याला गालबोट लागले नाही असे नाही. ओळींच्या मधल्या विरामात काही टोळकी सशस्त्र संघटनेच्या नावाने घोषणा देतात, आणि त्यामुळे एका निर्मळ गीताला दुफळीचा वास येतो. अलीकडे त्याला स्पर्धकही निर्माण झाला आहे: 2023 च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला हरविले, तेव्हा पॅरिसजवळच्या मैदानात लिमरिकच्या क्रॅनबेरीज वाद्यवृंदाचे ‘झोंबी’ हे गीत घुमले. तेही गंमत म्हणून रचलेले नाही, 1993 च्या एका बॉम्बस्फोटात बळी गेलेल्या मुलांसाठी लिहिलेले आहे. या लोकांना आनंदाच्या क्षणीही गंभीर गाणेच आठवते, असे दिसते.

आणि खुद्द अथेनरायचा खेळ कोणता? फुटबॉल नव्हे, रग्बीही नव्हे. तेथे हर्लिंगचे वेड आहे, राखवृक्षाच्या वाकड्या काठीने चामडी चेंडू मारावयाचा हा प्राचीन आयरिश खेळ. 1997, 2000 आणि 2001 मध्ये या एवढ्याशा गावाच्या क्लबने अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद पटकाविले. संध्याकाळी तटाबाहेरच्या हिरवळीवर पोरे काठ्या घेऊन धावत असतात, आणि पलीकडच्या सखल शेतांत मेंढ्या मान खाली घालून चरत असतात.